दत्तू, हातोडा माझ्या हातात होता

दत्तू, मुकादमाच्या डोक्यात पहिला घाव तू घातला नाहीस. दुसराही नाही. दोन्ही मी घातले. तिसराही घातला असता, पण तू फुटक्या तोंडाने ओरडत उठलास आणि माझ्या हातातला हातोडा हिसकावून घेतलास. तुला मिरजेच्या दवाखान्यातून गावी आणून अग्नी दिला त्याला आज चौदा दिवस झाले. तू होतास तोवर हे चार ओळींत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही.

आज लिहायला बसलो त्याचं निमित्त वेगळंच आहे. हिवरतळच्या आपल्या जुन्या स्टेशनात वाचनालय सुरू होतंय आणि त्याची स्मरणिका निघणार आहे. गावच्या मंडळींनी मला साताऱ्याला पत्र पाठवलं, की मास्तर, स्टेशनचा इतिहास तुमच्याशिवाय कोण लिहिणार? दारावर बसवायचा दगडही घडून तयार आहे. ही वास्तू माझ्या धैर्यामुळे वाचली, असं त्यावर कोरलं आहे. मी परवा तो दगड पाहिला. अक्षरं खोल आहेत. खोडायची म्हटली तर दगडच फोडावा लागेल.

तेव्हा इतिहास लिहितो. पण तुझ्याशी बोलत लिहितो, कारण जे घडलं ते पाहणारे आपण दोघेच होतो आणि तुझ्यासमोर मला खोटं लिहिता येणार नाही.

स्टेशन बांधलं तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. तुझा बाप तेव्हा खाणीवर होता. फलाटाकडच्या कमानीतला डावीकडून तिसरा दगड त्याने घडवला, असं तू येईल त्याला दाखवायचास. मी एकदा तुझी टर उडवली होती, "तिसराच कशावरून रे? तुझ्या बापाने त्यावर सही केलीय का?"

"आवं मास्तर, त्या दगडाखाली बाचं बोट चिरडलं. सही न्हाई तर काय?" तू म्हणालास आणि हसलास. मी कमानीकडे बघायचं टाळलं.

माझं त्या स्टेशनवर कधीच प्रेम नव्हतं, हेही आज सांगून टाकतो. छोटी लाईन, एकेरी रूळ, दिवसाला मोजक्या गाड्या. पुढच्या स्टेशनाची परवानगी म्हणून एक लोखंडी गोळा यंत्रातून निघायचा. तो कातडी पिशवीत घालून पिशवी मोठ्या कडीला बांधायची आणि ती कडी धावत्या इंजिनातल्या माणसाच्या हातात द्यायची. हे काम तुझं. तू सांधेवाला. रूळ बदलायचे, कडी द्यायची, घ्यायची. उलट बाजूने ड्रायव्हरने फेकलेली कडी तुझ्या दंडावर आदळायची, आणि वर्षाचे बारा महिने तुझा दंड काळानिळा असायचा. मी खिडकीतून बघायचो आणि बदलीचा अर्ज लिहायचो.

तुला मात्र ते स्टेशन हवं होतं. दुष्काळात गावातल्या बायका घागरी घेऊन रुळाशेजारी रांग लावायच्या आणि एखादा दयाळू ड्रायव्हर इंजिनातलं कढत पाणी सोडायचा. एके दिवशी ढकलाढकलीत एका पोरसवदा बाईच्या पायावर ते पाणी पडलं. पायाची कातडी सोलून निघाली, आणि बाकीच्या बायका तिला ओलांडून एकमेकींच्या डोक्यात घागरी घालत होत्या. तू ते पाहिलंस, सरळ मागे गेलास आणि स्टेशनच्या विहिरीचं कुलूप दगडाने फोडलंस.

"दत्तू, ती रेल्वेची विहीर आहे! साहेब आला तर मी काय सांगू?"

"माज्या नावावर टाका. न्हेमीसारकं."

हे 'नेहमीसारखं' म्हणजे काय, ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. रेल्वेत काही बिघडलं की चौकशीला वरचे साहेब यायचे. ते येण्याआधी स्टेशनवरची आम्ही माणसं एकत्र बसायचो आणि जबाब जुळवायचो. सगळ्यांनी एकच सांगायचं. चूक सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर टाकायची, कारण मास्तर अडकला तर त्याची नोकरी जाते आणि सांधेवाला अडकला तर ताकीद मिळते, नाहीतर बदली होते. एकदा जुळवलेला जबाब पुन्हा बदलायचा नाही. घरी बायकोलाही खरं सांगायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण रेल्वेच्या पुस्तकापेक्षा आम्ही ते जास्त पाळायचो.

एकदा माझा डोळा लागला होता आणि मी सिग्नल चुकीचा दिला. मालगाडीचा डबा रुळावरून उतरला, आडवा झाला, आत बांधलेल्या म्हशी एकमेकींवर पडून हंबरत होत्या. दोन तिथेच मेल्या. एकीचे पाय मोडले होते, तिला तू कुऱ्हाडीने मारलंस, कारण मला ते बघवत नव्हतं. साहेब आल्यावर तू सांगितलंस, "सांदा मीच उशिरा फिरवला." तुला सहा महिने लांबच्या स्टेशनावर पाठवलं. परत आलास तेव्हा म्हणालास, "लय झ्याक झालं मास्तर. हवापालट झाला." मी तुला चहा पाजला. माझ्या मते तेवढ्यात फिटलं होतं.

मग मोठी लाईन आली. नवे रूळ गावापासून लांबून गेले, नवं स्टेशन सिमेंटचं झालं, आणि आपल्या लाईनचा लिलाव झाला. बाकीच्यांच्या बदल्या झाल्या. शेवटचा चार्ज देण्यासाठी आपण दोघेच राहिलो. तेव्हा आपला वाद झाला होता, आठवतो? मी म्हणालो, गाडी नाही तर स्टेशन कशाला? तू म्हणालास, "म्हातारं झालं म्हून बाला घराभायेर काढत्यात व्हय?" मी म्हणालो, दगडमातीला बाप म्हणू नकोस. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. त्या वादाचं उत्तर मी तुला दिलंच नाही, कारण तिसऱ्या दिवशी लिलाव घेणाऱ्याचा मुकादम आला.

वैशाखातली दुपार होती. लिलाव घेणाऱ्याच्या कागदावर रूळ, स्लीपर आणि सिग्नलचे खांब होते. इमारत नव्हती. पण मुकादमाची माणसं आल्याआल्या छपरावर चढली, वरून कौलं फोडत फेकू लागली. सागवानी तुळया न्यायला बैलगाड्या उभ्या होत्या. मुकादम जावळीकडचा, मेढ्याचा, धिप्पाड माणूस. मी कागद दाखवला तर तो म्हणाला, "कागुद काय बघताय? लाईन मेली. मढ्याच्या अंगावरचं कुनीबी काडून घेतंय."

तिकीटघराच्या दारात तू दोन्ही हातांनी चौकट धरून उभा राहिलास.

"कागदावर रूळ हायती. रूळ न्या. हितं हात लावायचा न्हाई."

"सरक रं सांध्या. आता कुठला सांदा फिरवतोस? बायकूच्या चुलीचा?"

"चुलीचा न्हाई. तुज्या मानंचा फिरवीन."

मुकादमाने हातातली पहार उचलली आणि चौकट धरलेल्या तुझ्या उजव्या हातावर घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. तू चौकट सोडली नाहीस. त्याने पुन्हा घातली. मग तुला केसांना धरून आत ओढलं, जमिनीवर पाडलं आणि छातीवर पाय दिला. तुझ्या तोंडावर तो लाथा घालत होता. तुझे दात माझ्या टेबलापर्यंत उडाले.

आणि मी? मी टेबलाशी बसून चार्जची यादी करत होतो. घड्याळ एक. कंदील चार. खुर्च्या दोन. मी एकदाच वर बघून म्हणालो, "दत्तू, सोड ना. आपलं काय जातंय?" पुन्हा लिहायला लागलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू मार खात होतास आणि माझं अक्षरसुद्धा बिघडलं नव्हतं.

मुकादम थांबला. त्याच्या हाताला रक्त लागलं होतं. तो माझ्याजवळ आला, माझ्या डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिला हात पुसले, आणि टोपी परत माझ्या डोक्यावर नीट बसवली.

"लिवा मास्तर, लिवा. ह्यो बी लिवा. सांदेवाला एक, मोडका."

तो वळला. कोपऱ्यात रूळ ठोकायचा लांब दांड्याचा हातोडा होता. मी उठलो आणि मागून त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला, मान वळवून बघू लागला. तेव्हा दुसरा घातला. तो डोळ्यावर बसला. डोळा कसा फुटतो ते मला सांगायचं नाही, पण मला ते दिसतं, रोज. आणि मला थांबायचं नव्हतं. बरं वाटत होतं, दत्तू. आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

हे स्टेशनसाठी नव्हतं. तुझ्यासाठीही नव्हतं. टोपीसाठी होतं.

"मास्तर, मरंल त्यो!" म्हणत तू उठलास. मोडक्या बोटांनी हातोडा ओढून घेतलास. त्याच क्षणी छपरावरची माणसं आत उतरली. त्यांना काय दिसलं? पडलेला मुकादम आणि तुझ्या हातात रक्ताने भरलेला हातोडा. त्यांनी तुला तुळईच्या तुकड्यांनी मारलं. जबडा तेव्हा मोडला. मी भिंतीला पाठ लावून, डोक्यावर ती टोपी घालून उभा होतो. 'त्याने नाही, मी मारलं' एवढे चारच शब्द होते. तुझ्या अंगावर लाकूड पडत होतं आणि ते चार शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले नाहीत.

मुकादमाला गाडीत घालून त्याची माणसं मिरजेकडे गेली. एकजण फौजदाराला आणायला गेला. मधला तासभर आपण दोघेच. मी तुझा जबडा तुझ्याच मुंडाशाने बांधला. तुला बोलता येत नव्हतं. तू मोडक्या हाताने स्वतःच्या छातीवर दोनदा थापटलंस, मग माझ्याकडे बोट केलंस आणि मान हलवलीस: तुम्ही नाही, मी. मुंडाशातून एकच शब्द आला, "न्हेमीसारकं."

आणि मला लगेच कळलं. इतक्या वर्षांची सवय. आपण दोघेही असे रेल्वेतले, की दारात पोलीस येतोय आणि आपण साहेबाच्या चौकशीची तयारी करतोय. तुला वाटलं असेल, सहा महिने बदली, फार तर वर्ष. मला काय वाटलं? मला वाटलं, सुटलो.

सांगलीच्या कोर्टात वकिलाने मला विचारलं, "हातोडा कुणाच्या हातात होता?" मी शपथ घेऊन म्हणालो, "दत्तूच्या." शब्द खरा होता. तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघितलंस आणि किंचित मान हलवलीस, जुळलं म्हणून. तुला तीन वर्षं झाली. मुकादमाने स्वतः साक्ष दिली, की ज्याला मी मारत होतो त्यानेच मला मारलं असणार. मागून आलेला पहिला घाव त्याने पाहिलाच नव्हता, आणि मान वळवल्यावर काय दिसलं ते दुसऱ्या घावाने पुसून टाकलं होतं. त्याचा एक डोळा गेला, उजवं अंग लुळं पडलं.

आता स्टेशन कसं वाचलं ते. पंचनामा झाला, खोल्यांना सील लागलं, खटला संपेपर्यंत एक कौलही हलवायचं नाही असा हुकूम झाला. तोवर लिलावाची मुदत संपली. तुझं रक्त त्या फरशीवर पडलं म्हणून स्टेशन उभं राहिलं. दुसरं कुठलंही कारण नाही. निवृत्त झाल्यावर मी वाचनालयासाठी अर्ज लिहिले, खेटे घातले, हे खरं. तो माझा वाटा, तेवढा छापा. पण मी ते स्टेशनच्या प्रेमापोटी केलं नाही. तू तुरुंगात होतास आणि मला काहीतरी करत राहायला हवं होतं.

तू सुटून आलास. नोकरी गेली होती. जबडा वाकडा बसला होता, भाकरी दुधात भिजवून गिळायचास. तरी त्याच आठवड्यात छपरावर चढलास आणि मुकादमाच्या माणसांनी फोडलेल्या जागी नवी कौलं बसवू लागलास. मी खाली शिडी धरून उभा. किती वेळा वाटलं, आता बोलावं. एकदा मी म्हणालो, "दत्तू, ते कोर्टातलं..." तू वरून ओरडलास, "शिडी धरा, मास्तर. तुमचं ध्यान कुटं हाय?" तुला ऐकायचं नव्हतं, की माझ्यावर उपकार करत होतास, हे मला आता कधीच कळणार नाही. मिरजेला शेवटच्या दिवशी मी पुन्हा तोंड उघडलं आणि तेवढ्यात नर्स आली, म्हणाली, बाहेर थांबा. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला जास्त लाज आहे.

दहाव्याला मी तुझ्या हौसाबाईला सांगितलं. माझा समज होता की तिला ठाऊक असणार. बायकोपासून कोण इतकं लपवेल? पण तू जुळवलेला जबाब शेवटपर्यंत पाळलास. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं, टोपीपासून. तिने मान वर केली.

"म्हंजे त्येंनी हात उचललाच न्हवता?"

"नाही."

"मी रोज सांजच्याला कोयता लपवीत हुते. सुटून आल्यापास्नं. रोज. पोरीचं जमलेलं लगीन मोडलं, मारकुट्याची पोर म्हून. मी त्येंस्नी म्हनलं, हात तोडून टाका तुमचं. त्येंनी हात फुडं क्येला. म्हनले, घे." ती उभी राहिली. "आन् तुमी आमच्यात यून च्या पीत हुता."

तिने हातातला पितळी तांब्या माझ्या तोंडावर मारला. भुवई फाटली. मी हात वर केला नाही. तिने पुन्हा मारला, मग रडत रडत मारला, आणि पोरगी धावत येईपर्यंत मारत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घसरून पडलो असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, एका बाईने मारलं, आणि तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई स्वतः मी उतरलो होतो त्या धर्मशाळेत आली. मी जखमेवर हात धरून बसलो होतो. ती दारातच उभी राहिली. "माज्यापाशी बोलून काय व्हतंय? गाव त्येंस्नी खुनशी म्हनून वळखतंय. गावाफुडं लिवा."

म्हणून हे लिहिलं, दत्तू. स्मरणिकेच्या मंडळींना मी सांगितलंय, छापायचं तर सगळं छापा, एक ओळही गाळू नका. त्यातला एकजण म्हणाला, "मास्तर, मेलेल्या मानसासाठी तुमी आता तुरुंगात जानार?" मी म्हणालो, जाईन. पोलीस ठाण्यावर लेखी जबाबही देऊन आलो. तिथल्या माणसाने तो दोनदा वाचला, माझ्या वयाकडे बघितलं आणि वकील घेऊन या म्हणाला. घेऊन जाईन. आणि तो दगड मी पैलवान गड्यांकडून फोडून घ्यायला निघालो होतो, तर हौसाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्येंस्नी दगड फोडल्यालं आवडायचं न्हाई. पालता घाला आन् दुसऱ्या अंगाला त्येंचं नाव घाला." पाथरवट कालपासून त्या कामाला बसलाय.

तुझे मी आभार मानायचे ठरवले होते. लिहिता लिहिता लक्षात आलं, की तुझे आभार मानणं म्हणजे तुझ्या डोक्यावर आणखी एकदा माझी चूक ठेवणं. तू मला फाशीपासून वाचवलंस, मुकादमाला मरणापासून वाचवलंस, आणि दोन्हींसाठी तुलाच मार बसला. मी तुझ्यावर रागावलोही आहे. तू एकदा तरी कोर्टात माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतंस. तुला तो हक्क होता. नाही म्हणायची तुला सवयच नव्हती, आणि ती सवय आम्ही लावली होती.

एक काम राहिलंय. मेढ्याला जायचं. मुकादम जिवंत आहे, दारात बाजेवर बसून असतो म्हणे, आणि इतकी वर्षं एका चुकीच्या माणसाला शिव्या देतोय. त्याच्या समोर उभं राहून सांगायचंय, की ज्याला तू मारलंस त्याने तुला वाचवलं, आणि मागून मारणारा मी. त्याने डावा हात उचलला तर उचलू दे. त्याचे भाऊबंद असतील, त्यांनी काय करायचं ते करू दे. उद्या पहाटेच्या गाडीने निघतोय. साताऱ्याला उतरून मेढ्याची एसटी धरायची.

हे हौसाबाईला सांगितलं तर ती आत गेली आणि लुगड्याची घडी पिशवीत भरून बाहेर आली.

"तुम्ही कशाला?" मी म्हणालो. "तिथं मारामारी होईल."

"मेढ्यापातुर मी संगं येते," ती म्हणाली. "साताऱ्यात तुमचं घर हाय. मधीच उतराल तुमी."